काकांच्या कपाटातले तीन चाचे

मी एक जुनं, तपकिरी बांधणीचं पुस्तक आहे. व्याकरण मला ‘ते’ म्हणतं. पण ज्याच्या पोटात तीन चाचे, एक फुटकी होडी आणि बेचाळीस तोफांचं जहाज आहे, त्याने ‘ते’ म्हणून का राहावं? मी स्वतःला ‘तो’ म्हणतो. मित्रांनो, चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तरी सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं रामायण त्या एका शब्दाने घडवलं.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मुखपृष्ठावर उसळत्या लाटा आणि सोनेरी अक्षरांत नाव, ‘तीन चाचे आणि फुटकी होडी’. माझ्यातला एक चाचा लंगडा, एक तोतरा आणि तिसरा पाण्यालाच घाबरणारा. वाचनालयात माझ्यासाठी नंबर लागत. एकदा तर एक आजोबा आणि त्यांची नात मला दोन बाजूंनी ओढत होते. दोघंही हट्टी. मुखपृष्ठ नातीच्या हातात राहिलं आणि मी आजोबांच्या.

मग मला बांधणीवाल्याकडे पाठवलं. हात कसलेला, पण अक्षर टपोरं. माझ्या कण्यावर त्याने ‘तीन चाचे’ एवढं लिहिलं आणि जागा संपली. होडी तिथेच बुडाली.

मी परतलो तेव्हा वाचनालयात नवी ग्रंथपाल आली होती. टापटिपीची, कामाला वाघ. गठ्ठ्यातून मला उचलून तिने कणा वाचला. “तीन चाचे. म्हणजे तीन काका!” ती म्हणाली आणि मला थेट कौटुंबिक कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवून मोकळी झाली. माझ्या डावीकडे एक खाष्ट सासू, उजवीकडे तीन भावांच्या वाटण्या. ज्यांना समुद्र हवा, ते साहसकथांकडे जात. ज्यांना घर हवं, ते मला उघडत, पहिल्याच पानावर तोफ उडाली की दचकून मिटत. अशी पाच वर्षं गेली. माझ्यावर एकही शिक्का पडला नाही. मला वाईट वाटे, खोटं कशाला सांगू? पण धीर सोडला नाही. बेचाळीस तोफा होत्या ना पोटात!

वाचनालयाचा नियम साधा होता. पाच वर्षं कोणी नेलं नाही, ते पुस्तक रद्दीत. यादीत माझाही क्रमांक लागला. शनिवारी रद्दीवाला येणार होता.

गुरुवारी शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांची रीत न्यारी. फळीवरची पुस्तकं डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता वाचायची. सासू वाचून झाली होती, आता पाळी माझी.

“काकू, हे नको,” ग्रंथपाल म्हणाली. “रद्दीत जायचंय.”

“मग जायच्या आधी वाचून होऊ दे की.”

“बरं. पण शनिवारी सकाळी आणा.”

काकूंचे यजमान जुने खलाशी. गुडघा निकामी झाला आणि जहाज सुटलं. तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी समुद्राचं नाव काढलं नव्हतं. खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसत, विचारलं तेवढंच बोलत. काकूंनी मला मोठ्याने वाचायला घेतलं आणि लगेच थांबल्या.

“अहो, यात काका कुठेच नाहीत. नुसत्या तोफा!”

काकू हट्टाने वाचत राहिल्या. सातव्या पानावर वादळ आलं आणि लंगडा चाचा ओरडला, “सगळी शिडं उभारा!”

“कोण गाढव आहे हा?” खुर्चीतून आवाज आला. “वादळात शिडं उतरवतात!”

काकूंनी मापं लिहायची पेन्सिल त्यांच्यापुढे केली. “मग करा दुरुस्त.”

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझा एकही समास कोरा उरला नव्हता.

शनिवारी काकूंनी मला टेबलावर ठेवलं. दारात रद्दीवाल्याचा काटा टांगलेला. ग्रंथपालने मला उघडलं आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. “काकू, हे काय! खरडलेलं पुस्तक तर आम्ही मुळीच ठेवत नाही.”

“बसून सगळं पुसून देते. पण त्याला टाकू नका, बाळा. तीन वर्षांनी आपणहून बोललेत हो ते.”

उभ्याउभ्याच ग्रंथपालने समास वाचला, ‘गाढवा, शिडं उतरव! आमच्या जहाजावर एकाने हेच केलं. डोलकाठी मोडली आणि भाताचं पातेलं कप्तानाच्या डोक्यावर.’ तिला हसू फुटलं. तिने पान उलटलं, मग आणखी एक. रद्दीवाला खाकरला.

“पण हे समुद्राचं पुस्तक काकांच्या कपाटात ठेवलं कोणी?” तिने विचारलं.

“तुम्हीच!” काकूंनी सांगून टाकलं.

ग्रंथपालने जीभ चावली. मग यादीतला माझा क्रमांक ठळक रेघेने खोडला. “साहसकथांत जागा करते त्याला.”

“नको,” काकू म्हणाल्या. “आहे तिथेच राहू दे. घरचाच झालाय तो आता.”

मी तिथेच आहे, पण आता फळीवर टिकतो कुठे? नंबर पुन्हा लागतात. लोक तोफा वाचतात आणि समास वाचून पोट धरून हसतात. त्याच आठवड्यात ते खलाशी काठी टेकत, बारा पायऱ्या चढून स्वतः वाचनालयात आले. ग्रंथपालला म्हणाले, “असंच चुकांनी भरलेलं आणखी एखादं आहे का?”

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. आम्हाला ओढा, पण दोघांनी मिळून ओढू नका. कण्यावरच्या नावावर जाऊ नका, आत डोकावा. आणि वाचताना एखादी चूक सापडली, तर चिडून मिटू नका. मोठ्याने वाचा. कुणी सांगावं, ती दुरुस्त करायला घरात कोणीतरी केव्हाचं बसलेलं असेल.