कोनफळाच्या बुळबुळीत चिकाची हकीकत

मी कोनफळाचा कंद बोलतोय. खरं तर माझा नुसता शेंड्याकडचा तुकडा उरलाय, दिल्लीजवळच्या गाझियाबादमधल्या एका भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत, कुंडीतल्या मातीत.

जन्म माझा वसईकडचा, विष्णूच्या परसातला. त्याची बहीण अलकनंदा दिल्लीत एका प्रयोगशाळेत संशोधक. आई होती तोवर दर हिवाळ्यात तिला कोनफळं पाठवायची. आई गेल्यावर अलकनंदा स्वतःच आली, मला उकरलं आणि पिशवीत घालून रेल्वेने घेऊन गेली.

तिच्या प्रयोगशाळेत कोनफळातून स्टार्च काढायचं काम चाले. आम्हाला किसून पाण्यात कालवलं की चीक असा दाट होई, की पिठी तळाला बसेचना. सगळे वैतागून तो मोरीत ओतत. अलकनंदाला मात्र तोच हवा असे. हा चीक इतका घट्ट कशामुळे, ते तिला शोधायचं होतं. या कामात ती एकटीच होती. डबाही एकटीच खाई.

तिचे वरिष्ठ अविनाशसर एकदा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "अलकनंदा, सोमवारपासून हे बंद. प्रोजेक्ट स्टार्चचं आहे यार."

"सर, एकदाच. ताजा कंद आणलाय."

तिने मला कापलं. शेंडा बाजूला ठेवला, बाकीचं किसून चीक गाळला. त्यात प्रथिन असतं आणि साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या, एवढं तिला ठाऊक होतं. तिने चिकाचे दोन भाग केले. एकात पपईच्या चिकातलं, प्रथिनं तोडणारं द्रव्य घातलं. दुसरा तसाच ठेवला.

काही वेळाने भांडी तिरकी केली. दुसऱ्यातून तार लोंबत राहिली. पहिल्यातला चीक पाण्यासारखा वाहून गेला.

"म्हणजे एकट्या साखळ्यांचं हे काम नाही," ती मोठ्याने, मराठीत म्हणाली. "प्रथिन त्यांना धरून असतं. त्या जाळ्यात पाणी अडकतं, म्हणून चीक दाट!"

खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अविनाशसरांनी भांडं हलवून पाहिलं. "अच्छा! बिल्कुल पाणी! मग हेच घालायचं. चीक पातळ झाला की स्टार्च झटकन खाली बसेल. सुटलो!"

"पण सर, चिकाचं पुढचं काम..."

"अरे, त्रास संपला ना? आता कशाला?"

पेढे आले. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. ज्या चिकासाठी ती झुरली, तोच मोडायची रीत तिच्या हातून सापडली होती. ती हसली, पेढा रुमालात बांधून ठेवला आणि संध्याकाळी मला पर्समध्ये घालून बसने घरी आली.

आता माझा वेल गॅलरीच्या गजांवर चढलाय. मातीखाली नवा कंद पोसतोय. ऑफिसातून आली की ती पाणी घालते, दोन शब्द बोलते. दिवसभरातलं तिचं मराठी तेवढंच.

तुम्हाला एकच विनंती. कोनफळ सोलताना हात बुळबुळले तर लगेच नळ सोडू नका. तो चीक चिमटीत धरा, तार किती लांब जाते ते पाहा. आणि जमलं तर गाझियाबादला येऊन तिला सांगा. रविवारी ती घरीच असते.