पायाखालचं शहर

हॅलोसाहेबांना शहर सोडायला आठ दिवस उरले होते आणि त्यांचं म्हणणं एकच होतं, की या आठ दिवसांत माझ्या मागेमागे कुणी फिरायचं नाही. नेमकी तेवढीच गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीला मान्य नव्हती.

हॅलोसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसून चौतीस वर्षं 'हॅलो, बोला' म्हणत राहिल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे ते हॅलोसाहेब. जन्मापासून दिसत नव्हतं, पण इस्पितळातला एकूण एक नंबर तोंडपाठ होता आणि शहराची खडान्‌खडा माहिती होती. घरातून निघालं की दोनशे चाळीस पावलांवर बेकरीची ऊब उजव्या गालाला लागायची. तिथून पुढे बँकेची काचेची भिंत. तिच्यासमोर काठी टेकली की टक्‌चा आवाज कोरा करकरीत परत यायचा. मग सिग्नलची टिकटिक, मग बस. कुणाचं बोट नको, कुणाचा दंड नको. नाकावर राग असलेला माणूस. रस्ता ओलांडायला कुणी मदतीला आलं तर म्हणायचे, "तुम्हाला पलीकडे जायचंय का? चला, मी नेतो."

आता त्यांची इमारत पाडायची ठरली होती. सगळ्या भाडेकरूंना महिनाअखेरपर्यंत जागा रिकाम्या करायच्या होत्या. धाकटी दहा तासांच्या अंतरावरच्या लहानशा गावी राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगी लग्न होऊन परदेशी. "दादा, घरात मी एकटीच भुतासारखी वावरते. ये राहायला," असं ती म्हणाली आणि हे हो म्हणून बसले.

हो म्हणाले खरे, पण मनातून नव्हतंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला अंध वृद्धांची एक संस्था होती. तिथे एक खाट रिकामी झाल्याचं कळल्यावर त्यांनी गुपचूप नाव नोंदवून ठेवलं होतं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. धाकटीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

माणूस कृतघ्न होता असं समजू नका. मेहुणे गेले तेव्हा ते पंधरा दिवस तिच्या गावी राहिले होते आणि त्या पंधरा दिवसांत एकदाही एकटे फाटकाबाहेर पडले नव्हते. तिथे फुटपाथ नाही, सिग्नल नाही, काठीचा आवाज परत द्यायला भिंती नाहीत. सगळीकडे मोकळं. डोळस माणसाला मोकळं आवडतं, पण आंधळ्याला मोकळ्यात काय दिसणार? जरा दाराशी उभं राहिलं की कुणीतरी येऊन दंड धरायचं, "सांभाळून हं काका!" त्या 'सांभाळून हं'ची त्यांनी धास्ती घेतली होती. संस्थेतही नवं सगळं शिकावं लागलं असतंच, पण निदान तिथून सुटणारी बस ओळखीची होती.

तर धाकटी सामान बांधायला म्हणून आठ दिवस आधीच येऊन धडकली. आणि सामान राहिलं बाजूला, दादा काठी घेऊन निघाला की ही चपला घालून मागे.

सोमवारी ते न्हाव्याकडे गेले. वीस वर्षांचा न्हावी, म्हणजे वीस वर्षांपासून यांचे केस कापणारा. बडबड्या. त्या दिवशी मात्र कात्री चालत राहिली आणि तोंड बंद. शेवटी मानेवरचे केस झटकताना म्हणाला, "साहेब, तिकडच्या न्हाव्याला सांगा, डाव्या कानामागे भोवरा आहे. तिथे उलटी कात्री चालवायची नाही."  आपल्या डाव्या कानामागे भोवरा आहे हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळत होतं.

घरी येताना मागून पुटपुटणं ऐकू आलं.

"काय गं, काय पुटपुटतेस?"

"काही नाही. सामानाची यादी पाठ करतेय."

"रस्त्यात?"

"रस्त्यात यादी केलेली चालत नाही का? तू चाल पुढे."

मंगळवारी इस्पितळ. बोर्डावर आता एक नवी मुलगी होती. तिने खुर्ची दिली आणि म्हणाली, "एक फोन घेता का, साहेब?" त्यांनी आढेवेढे घेतले, म्हणजे 'नको नको' म्हणत हेडफोन कानाला लावलासुद्धा. पलीकडे एक घाबरलेला माणूस होता, त्याच्या वडिलांना कुठल्या मजल्यावर हलवलंय ते विचारत होता. हॅलोसाहेबांनी मुलीला विचारून मजला सांगितला. वर सांगितलं, की मागच्या दाराने या, तिथली लिफ्ट लवकर मिळते, आणि आधी घोटभर पाणी प्या. माणूस म्हणाला, "बरं झालं तुम्ही भेटलात." त्यांनी हेडफोन काढून मुलीला परत दिला. आपण हयातभर लोकांना वाट सांगत आलो आणि आता आपली वाट कुणीतरी दुसरंच ठरवणार, हे त्यांना फार लागलं.

बुधवारी तर कहरच. घराजवळून सुटणाऱ्या बसमध्ये बसून ते पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तसेच परत आले. तिथे काहीही नाही, नुसती बस वळते. धाकटीला वाटलं, दादाचं डोकं फिरलं. पण डोळस माणसं शहर सोडताना फोटो काढतात की नाही? मग यांनी काय करायचं? पुलावर चढताना पाठ सीटला चिकटते, बाजारापाशी तीन गतिरोधक लागतात, कापडगिरणीच्या जुन्या भिंतीजवळ वारा अचानक थांबतो. हे सगळं ते पुन्हा एकदा अंगात भरून घेत होते. आणि शेजारी ही बया पुटपुटत बसलेली! उतरल्यावर तर ती चक्क मागे पडली. हाक मारली की दोन हातांवरून 'आले आले' म्हणायची. आपल्यावर पाळत ठेवतेय, पडतोय का, चुकतोय का ते बघतेय, अशी त्यांची खात्री पटली. तळपायाची आग मस्तकात गेली. ते मुद्दाम लांब ढांगा टाकत घरी आले.

गुरुवारी वाचनालयात बोलकी पुस्तकं परत द्यायची होती. रस्ता रोजचा. चावीवाल्याच्या मशीनची किर्रकिर्र आली की डावीकडे वळायचं, एवढंच. ते निघाले, मागे धाकटी. डोक्यात शनिवार घोळत होता. हो कळवायचं की नाही? आणि हो कळवायचं तर हिला कुठल्या तोंडाने सांगायचं? चालता चालता त्यांच्या ध्यानात आलं, की पायाखालच्या फरश्या संपून खडी लागली आहे. खडी इथे कधीच नव्हती.

चावीवाल्याने त्या दिवशी दुकानच उघडलं नव्हतं. मशीन नाही, आवाज नाही आणि वळण केव्हाच मागे गेलं होतं.

हॅलोसाहेब जागच्या जागी थबकले. त्याबरोबर मागून धाकटी धाडकन त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. पुस्तकांची पिशवी खाली, काठी खाली.

"डोळे फुटले का तुझे?" ते ओरडले.

"फुटले नाहीत," धाकटी नाक चोळत म्हणाली, "मिटले होते."

"काय?"

"मिटले होते म्हटलं! तुझ्या काठीच्या आवाजामागून येत होते. तू असा मध्येच थांबशील हे मला काय माहीत?"

जवळच एका बंद दुकानाची पायरी होती. तिच्यावर दोघं बसली. धाकटीने पिशवी उचलली, काठी त्यांच्या हातात दिली. आधी हिचं काय ते विचारावं, पण हॅलोसाहेबांचा तोल गेला होता. रोजच्या रस्त्यावर चुकलो, तेही हिच्यासमोर.

"थट्टा करतेस माझी? आंधळ्याची नक्कल?" त्यांचा आवाज चिरकला. "मग ऐक. मी तुझ्याकडे येत नाहीये. संस्थेत खाट मिळतेय मला. नाव घातलंय. तुझ्या गावात मी फाटकाच्या आत कुजून मरेन, कळलं? कुणीतरी दंड धरून न्यायचं, दंड धरून आणायचं. त्यापेक्षा खाट बरी."

धाकटीने पिशवीतली पुस्तकं पुन्हा नीट लावल्याचा आवाज आला.  मग ती बोलली ते भलतंच.

"घरापासून दूध केंद्र, एकशे अठ्ठ्याऐंशी."

"काय?"

"दूध केंद्रापासून डावीकडे पोस्ट, चारशे दहा. मध्ये गटाराचं लोखंडी झाकण लागतं, पाय पडला की खण्णकन वाजतं. पोस्टापासून शाळेचं कुंपण पंचाण्णव. कुंपणाला काठी लावून चालत राहायचं, संपलं की नदीकडचा उतार. उताराला तेहेतीस पायऱ्या, पण अकरावी तुटकी आहे." ती एका दमात बोलत होती. "तीन महिने पहाटे उठून करतेय हे. डोळे मिटून, हातात छत्री घेऊन. शेजारीण म्हणते, नवरा गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोनदा गुडघे फुटले. एकदा गाईच्या अंगावर गेले."

हॅलोसाहेबांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली.

"पण घोडं अडलं ते पावलांपाशी," धाकटी म्हणाली. "माझी पावलं छोटी. मोजलेलं सगळं माझ्या पावलांचं, तुझ्या काय कामाचं? म्हणून लवकर आले. तुझ्या ओळखीच्या रस्त्यावर माझी किती पडतात ते मोजायला. तू बेकरीपर्यंत दोनशे चाळीस म्हणतोस, माझी होतात तीनशे दहा. आता त्या हिशेबाने सगळं कमी करायचं. पण माझं गणित तुला माहितीये ना. चार दिवस डोकं फोडतेय."

आणि मग हॅलोसाहेब हसले. आधी नुसतेच खांदे हलले, मग मोठ्याने. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"अगं वेडे, कमी कशाला करतेस? आहे ते बरोबर आहे. नव्या जागी माझी पावलं मोठी पडतच नाहीत. पहिलं वर्षभर तुझ्याएवढीच पडतील. लहानच पडतील एखादवेळेस."

"का?"

"का म्हणजे? पाय घाबरतात."

"पाय घाबरतात?"

त्यांनी काठीची मूठ चोळली. "पाय कसले," ते म्हणाले, "मी घाबरतो."

धाकटीने त्यांच्याकडे वळून पाहिलं असावं, कारण तिचा आवाज एकदम जवळून आला. "मला पहिल्या दिवशी वीस पावलांत रडू फुटलं होतं, दादा. समोर काहीही नव्हतं, सरळ रस्ता. तरी वाटलं, आता आदळणार, आता पडणार. रस्त्यात उभी राहून रडले. वाटलं, हा हे रोज करतो आणि आपण म्हणतो, दादा कित्ती धीट! तुला कधीच भीती नाही वाटली का रे?"

बासष्ट वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. धीट म्हणाले होते, हुशार म्हणाले होते, कौतुकाने पाठ थोपटून थोपटून लोकांनी हात दुखवून घेतले होते. आई तर कुणी भेटलं की आधी हेच सांगायची, आमच्या याला कशाचं भय म्हणून नाही. त्यामुळे पुढे खरं सांगायची सोयच उरली नव्हती.

"वाटते गं," ते म्हणाले. "रोज वाटते. दार ओढून घेतलं की पहिल्या पावलाला पोटात गोळा येतो. काल आला होता, आजही आला. बेकरीची ऊब लागेपर्यंत जात नाही."

"इथे? या शहरात?"

"इथेच."

"चाळीस वर्षं राहूनसुद्धा?"

"हो म्हटलं ना!"

 धाकटीने अगदी साधेपणाने, एखादी वस्तू सापडत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, "मग तिकडे वेगळं काय आहे?"

 चौतीस वर्षांत आलेला प्रत्येक प्रश्न हॅलोसाहेबांनी कुठे ना कुठे जोडून दिला होता. हा कुठे जोडावा ते कळेना. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. लांब कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आपण नेमके कुठे बसलो आहोत याचा त्यांना अजून पत्ता नव्हता, आणि तरी ते बसले होते, श्वास चालू होता, शेजारी धाकटी नाक ओढत होती.

त्यांनी खिशातून फोन काढला. संस्थेचा नंबर अर्थातच पाठ होता.

"हॅलो," ते म्हणाले, "शनिवारी कळवणार होतो, आजच कळवतो. ती खाट दुसऱ्या कुणाला द्या. माझं नाव काढून टाका."

पलीकडच्या कारकुनाने रजिस्टर उघडल्याचा आवाज आला. "कारण काय लिहू?"

"लिहा, घाबरत घाबरत जातोय."

"काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

"काही नाही हो. बहिणीकडे राहायला जातोय, एवढंच लिहा."