उजव्या हाताची सीट

“पण आंघोळीचं काय?” सुनीता टिपणीस यांनी तिसऱ्यांदा विचारलं. “एका खोलीत आठ मुली म्हणता. मग बाथरूम?”

“मजल्यावर दोन असतात, मॅडम,” मुनाफभाई म्हणाले. “सकाळी सातच्या आत उरकायचं. सातनंतर लाइन लागते. आणि पायात स्लीपर घालूनच जायचं.”

बहारीनच्या अदलिया भागातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात मुनाफभाई सोलकर सव्वीस वर्षं काउंटरवर बसत होते. मूळचे राजापूरकडचे. तिकीट, हॉटेल, व्हिसाची फाइल, सगळं त्यांच्या हातून जायचं. पण तिथल्या मराठी घरांत त्यांचं नाव होतं ते युरोपसाठी. युरोपला जायचं तर आधी सोलकरांना भेटा, असं लोक एकमेकांना सांगत.

आज समोर टिपणीस कुटुंब बसलं होतं. चंद्रशेखर टिपणीस बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या हातात गाइडेड टूरचं गुळगुळीत पत्रक होतं: एसी बस, रोज रात्री भारतीय जेवण, सोबत टूर मॅनेजर. मधल्या खुर्चीतल्या स्पृहाला, त्यांच्या मुलीला, नेमकं तेच नको होतं. तिचं कॉलेज नुकतंच संपलं होतं. दोन मैत्रिणींबरोबर प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी बारा दिवसांची सहल तिला करायची होती, आणि तीही वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेल्या स्वतःच्या पैशांत.

“बाबा, बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा. आय डोन्ट वॉन्ट दॅट,” ती म्हणाली.

“आणि खाणार काय? पाव?”

“पावच, साहेब,” मुनाफभाई म्हणाले. “पण तिथला पाव. सकाळी सुपरमार्केटात ताजा मिळतो. पाव, चीज, चार टोमॅटो घ्यायचे आणि बागेत बाकावर बसायचं. कोणी उठवत नाय. दुपारी युनिव्हर्सिटीची कॅन्टीन, तिथं बाहेरच्यांनाही वाढतात. आणि दिवसातनं एक चैन करायची. व्हिएन्नाला कॉफी. चकचकीत तबकात येते, सोबत पाण्याचा ग्लास. एका कॉफीवर तीन तास बसलात तरी वेटर कपाळाला आठी घालत नाय.”

टिपणीसांनी आवाज खाली आणला. “आणि पिण्याचं? तिकडे पोरं पाण्यासारखी बियर पितात म्हणे.”

“प्रागला पाण्यापेक्षा बियर स्वस्त, असं आलेली माणसं सांगतात,” मुनाफभाईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. स्पृहा एकदम छताकडे बघायला लागली. “पण व्हिएन्नाला नळाला डोंगरातलं पाणी येतं. बाटली भरून घ्यायची. फुकट हाय आणि गोड हाय.”

टिपणीस पहिल्यांदा हसले. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून मॅनेजर बासितसाहेब बाहेर आले. गिऱ्हाईक वळतंय असं दिसलं की ते बरोबर बाहेर येत आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकून जात.

“बेफिकर रहिए सर. ये हमारे मुनाफभाई पूरा युरोप घूमके आए हैं. पाँच-छे बार!”

मुनाफभाईंनी नेहमीप्रमाणे मान खाली घालून कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं.

ते वाक्य पंधरा वर्षं जुनं होतं, आणि त्यात एक अक्षरही खरं नव्हतं. मुनाफभाईंनी युरोप पाहिला नव्हता. ते स्वतः कधी खोटं बोलले नाहीत. पण साहेबांचं खोटं त्यांनी कधी खोडलंही नाही. त्यांच्याजवळ जे होतं ते लोकांकडून गोळा केलेलं होतं. सहलीवरून आलेलं गिऱ्हाईक भेटलं, की ते चहा मागवून त्याला बसवून घेत आणि विचारत. स्टेशनपासून हॉटेल बॅग ओढत किती वेळ लागला? लिफ्ट होती का? पाऊस आला तेव्हा कुठे थांबलात? लोक फोटो दाखवायला उत्सुक असत. मुनाफभाईंना लिफ्टची चौकशी असे. एकदा एक गृहस्थ प्रागहून तीन चाकांची बॅग घेऊन परतले. चौथं चाक तिथल्या दगडी रस्त्यावर निखळलं होतं. तेव्हापासून प्रागला जाणाऱ्या प्रत्येकाला मुनाफभाई बजावू लागले, चाकाची बॅग नको, पाठीवरची न्या.

एरवी साहेबांचं वाक्य त्यांना टोचायचं आणि मग ते विसरून जायचे. आज ते जास्तच टोचलं. त्याला कारण होतं.

त्यांची मुलगी जिकरा जर्मनीत ड्रेस्डेनला शिकत होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. स्कॉलरशिपवर गेली होती. सुट्टीत दोन मैत्रिणींबरोबर ती फिरायला निघाली होती आणि काल व्हिएन्नाला पोचली होती. सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा गरम करताना तिचा व्हॉइस मेसेज आला.

“अब्बा, एक नंबरची ट्राम घेतली. ऑपेराच्या साइडला जाताना उजवीकडं बसलो. टाउन हॉल, पार्लमेंट, म्युझियम, वन आफ्टर अनदर, जसं तुमी बोललात तसंच! फ्रेंड्स विचारतात, हू टोल्ड यू? मी बोलली, माय फादर. युरोपमधलं सगळं माहीत हाय त्याला.”

चहा उतू गेला. मुनाफभाईंनी तो मेसेज तीनदा ऐकला, मग घरी बायकोला, खदिजाला पाठवला, आणि खदिजाने तो राजापूरपर्यंत पोचवला.

“म्हणजे तुम्ही स्वतः राहिला असाल अशा होस्टेलात,” टिपणीस म्हणत होते. त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं होतं. “तसं असेल तर माझी हरकत नाही. तुम्ही राहिलात ना?”

बासितसाहेब अजून मागे उभे होते. ‘हो’ म्हटलं की फाइल पुढे सरकणार होती. समोर स्पृहा डोळे मोठे करून बघत होती. जिकरापेक्षा वर्ष-दीड वर्षानेच मोठी असेल. मुनाफभाईंनी कीबोर्डवरून हात काढले.

“नाय, साहेब. मी युरोपला गेलेलोच नाय.”

बासितसाहेबांना मराठी पुरतं समजत नव्हतं, पण टिपणीसांचा चेहरा त्यांना समजला.

“पाच-सहा वेळा म्हणाले हे!” टिपणीसांनी बासितसाहेबांकडे बोट दाखवलं.

“हे बोलतात. मी आजवर गप्प राहिलो, ती माझी चूक. एकदा जाणार होतो. एअरलाइनवाले एजंटांना फिरवून आणतात, त्यात माझं नाव लागलं होतं. पासपोर्टवर व्हिसा पण लागला. त्याच हप्त्यात गावाला वडील पडले. मी राजापूरला गेलो. परत आलो तोवर व्हिसाची तारीख निघून गेली.” मुनाफभाईंनी टिपणीसांकडे पाहिलं. “मी सांगतो ते जाऊन आलेल्यांचं सांगतो. पण दहा जणांकडनं ताडून घेतल्याबिगर सांगत नाय.”

टिपणीस फाइलीतले कागद गोळा करू लागले. “सोलकर, प्रश्न माझ्या मुलीचा आहे. ऐकीव गोष्टींवर मी तिला परमुलखात पाठवू?”

“माझी मुलगी गेलीय, साहेब,” मुनाफभाई शांतपणे म्हणाले. “आत्ता व्हिएन्नातच हाय. अशाच होस्टेलात. माझ्याच शब्दावर.”

टिपणीसांचे हात थांबले. सुनीताबाई पुढे सरकल्या. “तिच्याशी बोलता येईल?”

दुसऱ्या रिंगला जिकरा स्क्रीनवर आली. पाठीमागे मोठं हिरवं झाड, गुडघ्यांवर उघडा पाव, आणि मांडीला लागून स्टीलचा छोटा डबा.

“अस्सलामु अलैकुम अब्बा! जेवतेय. पावात चीज आणि मम्मीची जवळ्याची चटणी. फ्रेंडला तिखट लागलं, शी इज क्राइंग!”

मुनाफभाईंनी काय हवंय ते थोडक्यात सांगितलं आणि फोन सुनीताबाईंच्या हातात दिला. त्यांनी बाथरूमपासून सुरुवात केली. मग दाराला आतून कडी असते का, सामान कुठे ठेवता, अंधार पडल्यावर येताना भीती वाटते का. जिकरा उत्तरं देत गेली. मुलींची खोली वेगळी मिळते, आंटी. लॉकर असतं, कुलूप आपलं न्यायचं. होस्टेल ट्राम स्टॉपला लागून घेतलंय, चालायला दोन मिनिटं. काल रात्री ऑपेरा बघितला, उभ्याचं स्वस्त तिकीट काढून. पाय दुखले पण अंगावर काटा आला.

टिपणीसांनी मान वाकडी करून स्क्रीनमध्ये डोकावलं. “हे सगळं तू नेटवर शोधलंस का गं?”

“नेटवर पण बघितलं, अंकल. पण नेटवर सगळे बोलतात, ब्युटिफुल, मस्ट सी. कुठं बसायचं ते कोण सांगत नाय. अब्बांनी सांगितलेलं, प्रागला पाठीवरची बॅग ने. स्टेशनवर दोन मुलींच्या बॅगची व्हील्स तुटलेली, मी डोळ्यांनी बघितली. उद्या बुडापेस्टला जातोय. तिकडं मेट्रोचं तिकीट नुसतं काढून चालत नाय, मशिनमध्ये पंच करायचं, नायतर फाइन. ते पण अब्बांनीच सांगितलं.” मग तिने विचारलं, “का हो अंकल? काय प्रॉब्लेम झाला काय?”

“नाही,” टिपणीस म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं, “नाही बेटा. काही प्रॉब्लेम नाही. तू जेव.”

त्यांनी सुनीताबाईंच्या हातून फोन घेतला आणि काउंटरवर पालथा ठेवला. मग ते पत्रक त्यांनी अलगद मुनाफभाईंच्या बाजूला सरकवलं.

“बुकिंग करा. होस्टेल मात्र तुम्ही निवडायचं. ट्राम स्टॉपला लागून.”

स्पृहाने आईचा दंड इतका घट्ट धरला की सुनीताबाई ओरडल्या. पुढची वीस मिनिटं तारखा, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि इन्शुरन्समध्ये गेली. निघताना टिपणीसांनी हात पुढे केला. सव्वीस वर्षांत काउंटरवरून हात मिळवणारी गिऱ्हाइकं मुनाफभाईंनी पुष्कळ पाहिली होती. पण हे उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, आणि मग हात पुढे केला.

दार बंद झाल्यावर बासितसाहेब जवळ आले. आवाजात राग होता, पण बुकिंग झाल्यामुळे तो पुरता चढत नव्हता.

“मुनाफभाई, ये बोलने की क्या जरूरत थी? गाहक हाथ से जाता था.”

“जाता था तो जाता, साहब,” मुनाफभाई म्हणाले. “आगे से वो घूमके आए हैं वाला मत बोलिए. बोलना ही है तो बोलिए, इनकी बेटी जर्मनी में पढती है. वो सच है.”

“ठीक है, खलास,” बासितसाहेब म्हणाले, आणि केबिनमध्ये परतले.

मुनाफभाईंनी फोन उचलला. खदिजाला सांगायचं होतं. पण फोन सुलटा केला तर स्क्रीन काळी होती आणि वर कॉलचे आकडे अजून पळत होते. टिपणीसांनी कॉल बंद केलाच नव्हता. पलीकडे जिकरानेही फोन तसाच जॅकेटच्या खिशात टाकला होता.

त्यांनी तो कानाला लावला. कापडाची घसट ऐकू आली. पावलं, मुलींचं हसणं, लांबून एक घंटा, बहुधा ट्रामची. मग एक दार उघडलं आणि सगळं एकदम मऊ, बंदिस्त झालं. कपबशा किणकिणल्या. एका पुरुषाने काहीतरी विचारलं आणि जिकराने उत्तर दिलं. जर्मनमध्ये. न अडखळता, सावकाश, हव्या त्या गोष्टीचं नाव माहीत असलेल्या माणसासारखं. मुनाफभाईंना त्यातला एक शब्दही कळला नाही. पुरुषाने पुन्हा काही विचारलं, तिने पुन्हा काही सांगितलं, आणि तो हसला. खुर्च्या सरकल्या.

हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. त्यांनी श्वाससुद्धा बेताने घेतला.

काचेचं दार ढकलून एक नवं जोडपं आत आलं. बाहेरच्या उन्हाची झळ त्यांच्याबरोबर काउंटरपर्यंत आली. मुनाफभाईंनी एअरलाइनवाल्यांनी फोनवर थांबवून ठेवल्यासारखा चेहरा केला, हाताने समोरच्या खुर्च्या दाखवल्या, आणि एक बोट वर करून त्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं.