दोनशे बारा जुळ्या नोंदी

मित्रांनो, वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलेला मी एक जुना संगणक. माझं 'र'चं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण चौदा हजार पुस्तकांच्या नोंदी माझ्या पोटात आहेत. ग्रंथपाल सरांनी दोन उन्हाळे खपून त्या भरल्या. तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पुढे मात्र "अजून चालतो का हा?" असंच कानावर पडू लागलं.

सर निवृत्त होणार होते. नवं सॉफ्टवेअरही यायचं होतं. सरांच्या जागेसाठी तीन उमेदवार आले. सरांनी प्रत्येकाला माझ्यासमोर बसवून एकच प्रश्न विचारला, "दोनशे बारा नोंदी दोनदा आल्यात. आज संध्याकाळी मी त्यांतल्या जादा नोंदी पुसणार आहे. तुम्ही हे काम कसं कराल?"

पहिला जाडजूड फाईल घेऊन आला होता. "असली सहा सॉफ्टवेअरं कोळून प्यायलोय, सर. सगळ्या निवडायच्या नि पुसायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम!"

दुसरा म्हणाला, "नवं सॉफ्टवेअर आपोआप पुसतं."

तिसऱ्या बाई शाळेच्या वाचनालयात मदतनीस होत्या. "हे सॉफ्टवेअर मी कधी वापरलेलं नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. सरांचा चेहरा उतरला.

बाईंनी एक जोडी उघडली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. "सर, नाव तेच, लेखक तोच. पण हिची पानं एकशे ऐंशी, हिची तीनशे दहा. कपाट बघून येऊ?"

"अहो, मुलाखत चालू आहे!"

"पाचच मिनिटं, सर."

त्या दोन पुस्तकं घेऊन आल्या. जाड पुस्तकातलं एकेक अक्षर नखाएवढं होतं. मंद नजरेच्या वाचकांसाठी छापलेली प्रत!

सरांनी ते पुस्तक हातात घेतलं. "देणगीत आल्या होत्या अशा प्रती. मीच नोंदवल्या, आणि साफ विसरलो."

"नोंद पुसली असती तर पुस्तक कपाटात राहिलं असतं, सर, आणि आपण मागणाऱ्याला 'नाही' म्हणालो असतो."

मी थक्क झालो. ते आकडे वर्षानुवर्षं माझ्याकडेच होते, पण त्यांचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता!

नोकरी बाईंनाच मिळाली. नऊ दिवस त्या एकेक जोडी कपाटाशी ताडून पाहत होत्या. खऱ्या जुळ्या निघाल्या फक्त बावीस. उरलेल्या साऱ्या मोठ्या अक्षरांच्या प्रती. बाईंनी त्यांची वेगळी यादी करून दारावर लावली.

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा, माझी जागा त्यांना द्या. पण जुनं काही पुसण्याआधी ते एकदा उघडून वाचा.

परवा यादीबद्दल ऐकून एक शिंपीकाका आले. शिवणकामात त्यांची नजर अधू झाली होती. खिडकीपाशी बसून त्यांनी जाड पुस्तक उघडलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ते भर वाचनालयात मोठ्याने ओरडले,

"अहो बाई, दिसतंय मला!"