छातीला कान

डॉक्टरताईने नळीची थंड चकती तळहातावर घासून गरम केली आणि ठकीच्या छातीवर टेकवली. मागच्या भिंतीपाशी, लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसलेल्या तिच्या बाबाने मुठीतली किल्ली आवळली.

ताई अजून पूर्ण डॉक्टर नव्हती. मेडिकल कॉलेजातली चार-पाच मुलंमुली आज तिसरीच्या वर्गात शरीर शिकवायला आली होती. आईवडिलांनाही बोलावलं होतं. खिडकीपाशी एकजण बाटलीत फुगा बसवून फुप्फुस दाखवत होता. आतापर्यंत मुलं नळी एकमेकांच्या पोटाला लावून ऐकत होती, नुसती धमाल चालली होती.

"ताई, ह्याच्या पोटात बेडूक आहे!"

"सकाळी काही न खाताच आलास ना रे?"

मग ठकीचा नंबर आला. ताईने चकती सरकवली. पुन्हा पहिल्याच जागी आणली.

बाबाने हे आधी पाहिलं होतं. ठकीच्या आईचं हृदय तपासताना मोठ्या डॉक्टरांची चकती अशीच त्याच जागी परत आली होती. पोरीने नाक आईचं घेतलं होतं, हसणंही. आणखी काय घेतलं असेल, हे तपासून घ्यायचं त्याला धाडस होत नव्हतं. ती झोपली की तो फक्त तिच्या छातीला कान लावायचा.

तो उठला. बाक करकरला.

"काय झालं?"

"थांबा हं काका. श्वासच ऐकू येईना." ताईने वर पाहिलं. ठकीचे गाल लाल झाले होते. "अगं, सोड की श्वास! कोंडून काय धरलायस?"

ठकीने फुस्सकन हवा सोडली. वर्ग खिदळला.

"बाबा ऐकतात तेव्हा मी असंच करते," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना नीट ऐकू येतं. मग ते झोपतात."

बाबा बाकांच्या मधेच उभा राहिला.

ताईने पुन्हा ऐकलं, बराच वेळ. "मला तरी काही वेगळं वाटत नाही. पण एकदा आमच्या सरांना दाखवून घ्या." मग नळी त्याच्यापुढे धरली. "ऐकायचंय?"

त्याने ती कानात घातली.

"धावतंय," तो पुटपुटला. "एवढं का धावतंय?"

"घाबरलीय ती."

"कशाला?"

ठकी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

त्याने किल्ली खिशात टाकली. गाल फुगवले आणि फुस्सकन सोडले. ठकी हसली नाही. पण त्याच्या कानातले ठोके हळूहळू धावायचे थांबले.