बांधाकडच्या ओंब्या

याकी खोऱ्यातला गहू एप्रिलअखेर कापणीला येतो. यंदा त्या गव्हासोबत फिदेन्सिओचीही परीक्षा होती.

बावीस वर्षं त्याने संशोधन केंद्रात ओंब्या मोजायची मजुरी केली, आणि घरामागच्या पट्टीत स्वतःचा गहू जपला. दर हंगामात सगळ्यांत लांब ओंब्या निवडायच्या, त्यांचंच बी पुढे धरायचं. निवड बायकोची, लिब्रादाची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. यंदा केंद्राने तो गहू चाचणीला घेतला होता. सरकारी वाणापेक्षा जास्त उतरला, तर तो लिब्रादाच्या नावाने खोरंभर पेरला जाणार होता. फिदेन्सिओला आता दुसरं काही नकोच होतं.

मळणी झाली. केंद्रातल्या इंजिनिअर नेरेइदाबाईंनी सारख्याच मापाच्या वाफ्यांतल्या दोन्ही पिशव्या काट्यावर ठेवल्या. सरकारी वाण तीन किलो सहाशे. त्याचा दोन किलो नऊशे.

"परत ठेवा," तो म्हणाला.

"तीनदा ठेवलंय, काका. ओंबी तुमचीच लांब, दाणेही जास्त. पण फुटवे कुठायत? त्यांच्या मीटरभर जागेत तीनशे ऐंशी ओंब्या, तुमच्या दोनशे चाळीस. एकट्या ओंबीने पोतं भरत नाही." मग त्यांनी विचारलं, "बी कुठल्या ओळींतून धरायचात?"

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याला बांध आठवला.

लिब्रादाचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. पाणी दिलेल्या चिखलात तिला उतरता येत नसे. ती बांधावर स्टूल टाकून बसायची आणि काठीने दाखवायची, "ए म्हाताऱ्या, ती बघ. नाही रे आंधळ्या, तिच्या शेजारची." बांधाकडच्या रोपाला एका अंगाने शेजारी नसतो, ऊन, पाणी, खत सगळं त्याला जास्त. तिथे कुठलीही ओंबी फुगते; दाटीत रोपाचे किती फुटवे टिकतील, ते तिथे कळतच नाही. म्हणून तर केंद्रात वजनाआधी कडेच्या ओळी कापून टाकतात. बावीस वर्षं त्या त्यानेच कापल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"कडेच्या," तो म्हणाला.

नेरेइदाबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला तर माहीत होतं. निवड काकूंची होती ना?"

"माझी," तो म्हणाला. "तिला काय कळतंय गव्हातलं? ती नुसती बसायची बांधावर."

बाईंनी मान हलवली आणि वहीत नावाच्या रकान्यातल्या 'लिब्रादा'वर रेघ ओढली. दोन किलो नऊशेची पिशवी उचलून फिदेन्सिओ बाहेर पडला. कालव्यापर्यंत चालत आल्यावर त्याला कळलं, की लिब्रादाने आयुष्यात केलेलं एकुलतं एक काम आपण आत्ता आपल्याच तोंडाने नाकारून आलो. परत जाऊन खरं सांगावं, तर चूक तिच्या नावावर जाणार. तो तिथेच बांधावर बसला.