रुमालाखालचा हात

पंकजाने मला फोन केला तेव्हा मी तिच्याच घरात, तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच चहाचं आधण ठेवून उभी होते. मधे फक्त एक भिंत. "ताई, साखर कमी टाक," एवढं सांगायला फोन! मी म्हटलं, "अगं बाई, हाक मार की." तर म्हणे, "हाक मारली की घसा दुखतो."

ही माझी मामेबहीण. सोनईच्या माझ्या मामांची एकुलती एक लेक. मामा गेले तेव्हा उसाचं रान, रस्त्यावरचे गाळे, पेट्रोल पंप आणि बारा खोल्यांचा बंगला, सगळं हिच्या एकटीच्या नावावर झालं. बारापैकी एका खोलीत ती राहते, बाकीच्यांना कुलुपं. चांदीची ताटं कपाटात आणि ही जेवते पोचे आलेल्या स्टीलच्या ताटलीत. चहाची पावडर दोनदा उकळते. दारावरची बेल काढून टाकली, का, तर ती वाजते. गावात लोक सांगतात, बाईच्या गादीत नोटा शिवल्यात. ती गादी मी स्वतः उन्हात टाकली आहे. आत कापूस आहे आणि त्याचेही गोळे झालेत.

मामांच्या माघारी ती फाटकाबाहेर पडलेली नाही. सुरुवातीला लोक यायचे. चुलते यायचे, देवळाच्या कमिटीवाले यायचे, लग्नाची स्थळं यायची. येणारा प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग खिशातून पेन काढायचा. तिने एक दिवस फाटकाला आतून साखळी घातली ती घातलीच. हे मी समजू शकते. पण म्हणून मी, जिला आयुष्यात हिच्याकडून एक साडीसुद्धा नको आहे, तिनेही गोळी हातात द्यायची नाही, स्टुलावर ठेवायची आणि बाजूला व्हायचं? डॉक्टर घरी आणला तर त्याला म्हणाली, "लांबूनच बघा." तो बिचारा म्हणाला, "बाई, मी काय ईदचा चंद्र बघायला आलोय का?"

डॉक्टर आणावा लागला कारण ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. पहाटे पडली ती उन्हं चढेपर्यंत तशीच फरशीवर. आतून कडी, घरात दुसरं कुणी नाही. कळलं कसं, तर गोठ्यातली म्हैस, राणी, ओरडायला लागली. पंकजा रोज पहाटे तिला शिळी भाकरी चारते. त्या दिवशी भाकरी आली नाही म्हणून राणीने असा काही हंबरडा फोडला की गडी वाल्मिक पळत आला आणि त्याने दार तोडलं. नंतर त्याने मला संगमनेरला फोन केला आणि मी आठ दिवसांचे कपडे घेऊन आले. तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ संपायचा होता. आता होळी होऊन गेली. तिकडे माझ्या सुनेचं डोहाळेजेवण माझ्याशिवाय उरकलं आणि इकडे मी भिंतीपलीकडून येणारे फोन घेत बसले.

त्यात वाल्मिकने सांगून टाकलं, "ताई, पोरगा बोलवतोय पुण्याला. पाडव्यानंतर आमी न्हाई हितं." म्हणजे तोही जाणार. मी गेल्यावर हिला पाहायला कोण? पुन्हा पडली तर दार कोण तोडणार? मी तिला म्हटलं, तू माझ्याकडे संगमनेरला चल, वरची खोली रिकामी आहे. नाही म्हणाली. पाया पडते म्हटलं. तरी नाही. शेवटी मी भांडी आदळली, अबोला धरला, आणि दोन दिवसांनी फोन आला (भिंतीपलीकडूनच): "राणी चांगल्या घरी गेली की मग येते."

आता राणीचं सांगते. ही म्हैस मामांनी पारडू असताना आणलेली. जगात पंकजा कुणाला हात लावत असेल तर या जनावराला. पहाटे गोठ्यात जाऊन तिच्या मानेखाली खाजवते, तिच्या कपाळाला कपाळ टेकून उभी राहते. मी खिडकीतून पाहिलंय. मला तर म्हशीचा हेवा वाटायला लागला होता, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

वाल्मिक म्हणाला, गिऱ्हाईक घरी आणतो. तर नाही! परक्यांनी फाटकात यायचं नाही. मी त्याला म्हटलं, मग तू बाजारात ने आणि वीक. तर तेही नाही! "कुणाच्या हातात देते ते मी बघणार." म्हणजे जी बाई अंगणाच्या कडेला जाऊन कढीपत्ता तोडत नाही, ती घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात यायला निघाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त धडकी भरली.

शुक्रवारी वाल्मिक राणीला टेम्पोतून घेऊन पुढे गेला. मागून माझ्या गाडीत आम्ही. ती मागच्या सीटवर. मी म्हटलं, "पुढे बस की, मी काय तुझी ड्रायव्हर आहे?" म्हणाली, "पुढे बसलं की समोरचं सगळं अंगावर येतं." मग मी ड्रायव्हर झाले.

बाजारात तिने वात आणला. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर मामांचा काळा चष्मा, आणि राणीच्या खांद्याला चिकटून उभी. गिऱ्हाईक आलं की त्याची परीक्षा. एकाने शेपूट धरून ओढली, तो नापास. एकाच्या तोंडात तंबाखू होती, नापास. एक चांगला नीटस माणूस आला, कासेला हात लावून पाहिला, दात पाहिले, भाव विचारला. तर ही त्याला विचारते, "तुम्ही तिच्याशी बोलाल का?" तो म्हणाला, "कुणाशी?" नापास. ऊन वर आलं. दलाल गोरक्षशेठ डोक्यावरची टोपी काढून घाम पुसायला लागले. मला म्हणाले, "ताई, म्हैस विकायची हाय का लगीन लावायचंय तिचं?"

तेवढ्यात एक जोडपं आलं. नेवाशाकडचे इसहाक आणि त्यांची बायको दीना. दोघंही पन्नाशीपुढची, घरचा दूधधंदा. इसहाक कितवं वेत, म्हणजे किती वेळा व्याली, आणि दूध किती ते विचारत राहिले. दीनाबाई मात्र सरळ राणीच्या तोंडाशी गेल्या आणि मानेखाली, बरोबर त्याच जागी, खाजवायला लागल्या. राणीने डोळे मिटून मान लांब केली.

"काय गं, लई लाड झाल्यात तुझे," दीनाबाई म्हशीला म्हणाल्या.

पंकजाने चष्मा काढला, तोंडावरची ओढणी खाली केली. मला म्हणाली, "यांना द्यायची." मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

आता राहिला भाव. घोडेगावला हा काही तोंडाने ठरत नाही. दलालाने रुमाल टाकायचा, त्याखाली हात घालायचे, आणि बोटं धरून आकडा सांगायचा. अंदाजे आकडा दलाल आधी सांगतो; त्याच्या वर धरली तेवढी बोटं, तेवढे हजार. सबंध पंजा धरला की पाच. पटलं की हात सोडायचा, रुमाल काढायचा आणि टाळी द्यायची. हात सोडला नाही म्हणजे पटलेलं नाही, अजून वाढवा. आणि रुमाल मधेच कुणी उचलायचा नाही, ही तिथली रीत.

गोरक्षशेठ माझ्याकडे वळले. मी हात पुढे करणार तोच पंकजा म्हणाली, "मी करणार." मला तिथल्या तिथे शेणात बसावंसं वाटलं. एवढंही माझ्यावर सोपवता येऊ नये? मग आठवलं, हिला हे येतं. लहानपणी जेवताना मामा मांडीवर पंचा टाकायचे आणि त्याखाली तिचा हात घ्यायचे. किती लाडू, ते तिने बोटं दाबून सांगायचं. मामी ओरडायच्या, पोरीला दलाल करताय का म्हणून.

गोरक्षशेठ अवघडले. माझ्यासारख्या साठीच्या बाईचा ठीक, पण हिचा हात धरायचा कसा? इसहाकांनीच वाट काढली. "आमची मंडळी धरील. तिचा बाप ह्याच बाजारात व्यापारी हुता, सगळं येतं तिला."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. गोरक्षशेठनी गुलाबी रुमाल टाकला. भोवती माणसं जमली, बायकांचा सौदा कुणी पाहिलेला नव्हता. दीनाबाईंनी आकडा दिला असावा, कारण त्यांनी पंकजाच्या तोंडाकडे पाहिलं. हात काही सुटले नाहीत.

"काय मागत्यात?" इसहाकांनी विचारलं.

"पंजा धरलाय," दीनाबाई म्हणाल्या.

"आणखी पाच?" इसहाकांनी डोकं खाजवलं. "बरं, दोन वाढीव."

दीनाबाईंचा हात रुमालाखाली हलला. पंकजाचा सुटला नाही. इसहाकांनी आणखी एक वाढवला. तरी नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पंपवाली बाई हाय ती. एवढं असून म्हशीच्या हजारासाठी जीव चाललाय." लोक हसले. इसहाक कडवट होऊन बोलले, "चल गं, आपल्याला न्हाई झेपायची."

माझं टाळकं सरकलं. त्या क्षणी मला तिचा मनापासून संताप आला, लपवून काय करू? न्हाणीघरात मरायला टेकली होती, तरी शिकली नाही. एक चांगलं घर मिळालं जनावराला, तेही चार दमड्यांपायी घालवते आहे. मग राणी परत गोठ्यात, ही परत कडीच्या आत. मी म्हटलं, "पंकजा, सोड." ती ऐकेना. "सोड म्हणते ना!" म्हणत मी पुढे झाले आणि भर बाजारात रुमाल उचलला.

"ओ ताई!" गोरक्षशेठ ओरडले.

खाली आकडा-बिकडा काही नव्हता. पंकजाने दीनाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला होता. तिचा अंगठा त्या हातावरच्या घट्ट्यांवरून सावकाश फिरत होता. तिला भान नव्हतं. रुमाल गेला हेही तिला उशिरा कळलं. मग तिने वर पाहिलं आणि चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा उतरला. मला रडू फुटलं. भर बाजारात, म्हशींच्या मधे, मी साठीची बाई नाक ओढत उभी.

दीनाबाईंनी हात काढून घेतला नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, त्या काय बी मागत नव्हत्या. माझ्या ध्यानात आलं हुतं."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"कशाला बोलू? मी बी न्हाई सोडला."

सौदा पहिल्याच आकड्यावर झाला. पंकजाने राणीच्या गळ्यातलं दावं स्वतः सोडून घेतलं, कारण जनावर देतात, दावं देत नाहीत. दीनाबाईंनी नवं बांधलं. "कवाबी या बघायला," त्या म्हणाल्या. राणीने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, तिच्यापुढे कुणीतरी पेंड धरली होती.

गाडीत पंकजा पुन्हा मागे बसली, मांडीवर दावं. सोनई जवळ आली तशी म्हणाली, "फाटकापाशी थांबव."

"थांबव कशाला? बॅगा डिकीत आहेत, आपण संगमनेरला जातोय. तू कबूल केलंस."

"तुझ्याकडे माणसं फार आहेत. त्यात बाळ होणार. ते रडणार."

"बाळ रडणारच! हसत जन्माला येतं का कुणी?"

"मग माझं नाही ठरलेलं अजून."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या. एवढा रुमाल उचलला, एवढं रडले, आणि बाईसाहेबांचं नाही ठरलेलं! मी उतरले, जेवणाच्या डब्याभोवतीचा नॅपकिन सोडला, मागचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. नॅपकिन तिच्या मांडीवर टाकला. त्याखाली हात घातला.

"बोल," मी म्हटलं. "किती?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. मग नॅपकिनखाली माझं एक बोट तिने धरलं, करंगळीच. एक दिवस, एक महिना की एक वर्ष, मी विचारलं नाही. मी तिचा सबंध पंजा धरला. तिने पुन्हा करंगळी दाबली. मी पंजा सोडला नाही. तिचा हात गार होता आणि चेटकिणीसारखी नखं वाढली होती. संगमनेरला गेल्यावर आधी ती कापायची, असं मी मनात ठरवलं.

"ताई, सोड."

"पटलं का?"

"नाही."

"मग कसा सोडू?"

"अगं पण गाडी कोण चालवणार?" ती वैतागून म्हणाली.

"पुढे येऊन बस."

ती दावं घेऊन खाली उतरली, रस्त्यावर एवढी वाहनं असताना, आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. मी स्टिअरिंगवर आले तसा नॅपकिन तिनेच आमच्या हातांवर अंथरला. बंगल्याचं फाटक आलं. मी वेग कमी केला नाही, तिने तिकडे पाहिलं नाही. राहुरीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी जमेल तेवढी एका हाताने गाडी चालवली. गिअर बदलायला हात काढून घेतला की ती दर वेळी माझ्यावर खेकसायची, "ताई, सौदा चालू असताना हात काढत नसतात."